थेंब्याची धार

माझी धाकटी जाऊ लाँड्रीत इस्त्री करते. तिच्या हाताखालून सुरकुती सुटेल, काय बिशाद! स्वतःच्या अंगावर ओला डाग पडला तरी हिच्या कपाळाला आठी. आणि पोरगा झाला तो सदाचा ओला. लंगोट बदलावा तर पुन्हा ठिबक ठिबक सुरूच. घरात त्याचं नावच थेंब्या पडलं.

"एवढं मुततंय म्हणजे पोर ठणठणीत आहे," सासूबाई म्हणायच्या. जाऊही तेच धरून चालली होती.

मग थेंब्याला ताप भरला. दूध ओकायला लागला. दवाखान्यात मी सोबत होते. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बेंबीखाली हात ठेवून हलकेच दाबलं आणि विचारलं, "लघवीची धार कशी पडते?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. माझ्या दोन्ही कार्ट्यांनी उचलणाऱ्या प्रत्येकाला भिजवलं होतं. त्यांच्या मामाने तर धसकाच घेतला होता. थेंब्याने आजवर कुणालाच भिजवलं नव्हतं.

"ताई, मी धार कधी पाहिलीच नाही गं," ती म्हणाली.

सोनोग्राफी झाली. मग नळीतून मूत्राशयात औषध भरून एक्स-रे काढला. लघवीच्या वाटेत जन्मापासूनच एक पातळ पडदा होता. आत सगळं तुंबलेलं, बाहेर येत होतं ते नुसतं सांडलेलं. तुंबलेल्या लघवीच्या दाबाने दोन्ही किडन्या सुजल्या होत्या.

"आधी नळीने लघवी काढू, ताप उतरवू. मग दुर्बिणीने पडदा कापू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडन्या किती सावरतील, ते मात्र आत्ता नाही सांगता येणार."

"रोज लंगोट मीच धुतले ना," जाऊ पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा ती बाकावर बसून मांडीवरचं त्याचं दुपटं तळहाताने सपाट करत होती. सुरकुती नव्हतीच, तरी करत होती. खोटं कशाला सांगू, पोर हाती लागतंय की नाही, हीच भीती मला खात होती.

नळी काढली त्या दिवशी आम्ही दोघी त्याच्यावर डोळे लावून बसलो. आणि एकदम धार उडाली, थेट जाऊच्या धुतल्या साडीवर! मी फडकं पुढे केलं.

"हलू नको ताई," ती कुजबुजली. "नाहीतर थांबेल ती."

पडदा गेला, भीती राहिली. एक किडनी सावरली, दुसरी अर्धीमुर्धीच चालते. आता थेंब्या शाळेत जातो. तो बाथरूममध्ये शिरला की जाऊ हातातलं काम टाकून दाराला कान लावते.

"आई, पडली धार! जा ना आता," तो आतून ओरडतो.

"थोडं थांब आणि पुन्हा कर. आत काही राहायला नको," ती म्हणते, आणि पुन्हा आवाज येईपर्यंत श्वास रोखून उभी राहते.