कुंभारीवरून वळलेलं विमान

काकूंचा फोन आला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "गाडीवर न्हाईस न्हवं?" मी नाही म्हटलं, आणि मला कळलं. आमच्या सोलापूरकडे वाईट बातमी अशीच येते, ऐकणारा कुठं उभा आहे ते आधी बघून. काकूंचे यजमान, कॅप्टन नागनाथ वाघमोडे, सकाळी चहा पिता पिता गेले. आता महिना होत आला, तरी त्यांच्याविषयी लिहायला बसले की सर मागे उभे राहून वाचताहेत असं वाटतं आणि पाल्हाळ लावायची हिंमत होत नाही.

मी त्यांची को-पायलट होते. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं, सोलापूर म्हटल्यावर पेठ विचारली, आणि वडिलांचे टॉवेलचे माग आहेत म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे तेलुगू घरातली. झालं, आता मला कोण बोलू देतंय." ते स्वतः सोलापूरलगतच्या कुंभारीचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, आणि गप्पांत कुणाला हार जाणारे नव्हेत. पण विमान दहा हजार फुटांच्या खाली आलं की कामाशिवाय एक शब्द नाही. नियमच आहे तसा, सगळेच पाळतात. सर मात्र सोवळं पाळावं तसा तो पाळायचे. एकदा चुलत्याच्या लग्नातली गोष्ट सांगता सांगता वाक्य अर्ध्यात तोडून गप्प झाले. विमान उतरलं, इंजिनं बंद झाली, माणसं सामान काढू लागली, आणि सर माझ्याकडे वळून म्हणाले, "...म्हणून ती शेळी परत आणायला लागली." मी हसून बेजार झाले. ते हसले नाहीत. "माणूस नादात मरतो," म्हणाले, "धुकं नुसतं निमित्त असतं."

त्या हिवाळ्यात त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मुंबईहून सोलापूरला निघायचं होतं. दार बंद होण्याआधी त्यांच्या धाकट्या भावाचा, भीमरावांचा, फोन आला. सरांनी तो बंद करून बॅगेत टाकला आणि म्हणाले, "आई जरा आजारी हाय म्हणतोय." आमच्याकडच्या माणसाला त्या 'जरा'चा अर्थ सांगावा लागत नाही. पुढ्यात माणूस जायला निघालेला असतो तेव्हाच फोनवर 'जरा' म्हणतात. खरं तर त्याच क्षणी सरांनी जागा सोडायला हवी होती. मन थाऱ्यावर नसलेल्यानं विमानाला हात लावू नये, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. पण दुसरा कॅप्टन येईपर्यंत दुपार झाली असती, आणि दुपारपर्यंत आई... मीही त्यांना अडवलं नाही. पट्टा आवळताना ते म्हणाले, "पोरी, आज माझ्यावर नजर ठेव. चुकलो तर सर-सर करत बसू नको."

सोलापूरवर धुकं होतं. उतरायचा प्रयत्न करता येईल इतपतच दिसतंय, असं खालून सांगितलं होतं. आम्ही त्यात शिरलो आणि काचेबाहेर सगळं पांढरं झालं. मी उंची वाचत होते, सर उत्तर देत होते, आवाज नेहमीसारखा. मग ती ठरलेली उंची आली, जिच्याखाली धावपट्टी दिसल्याशिवाय जायचं नसतं. मी "मिनिमम" म्हटलं. यावर कॅप्टननं एकतर उतरतो म्हणायचं, नाहीतर वर घ्यायचं. सर काहीच बोलले नाहीत. विमान खाली चाललं होतं.

"दिसंल," ते पुटपुटले. "दिसंल आता."

कॉकपिटची इंग्रजी सोडून ते कुंभारीच्या बोलीत बोलले होते. मी सगळा आवाज लावून "गो अराउंड" म्हटलं. त्यांचा हात लगेच हलला. इंजिनं गरजली, नाक वर आलं, आणि आम्ही त्या पांढऱ्यातून वर, उन्हात आलो.

त्यांनी विमान माझ्या हातात दिलं. इंधन पुरेसं होतं, धुकंही विरेलसं वाटत होतं. मी म्हटलं, "सर, थोडं थांबून परत बघू या?" ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय. मगाशी हितं पायलट न्हवता, लेक बसला हुता. लेकानं विमान उतरवायचं न्हाय. पुण्याला चल." पुण्याहून ते मोटारीनं निघाले. टेंभुर्णी ओलांडायच्या आत आई गेली.

गेल्या आठवड्यात मी काकूंना भेटायला गेले, तर भीमराव बाहेर पायरीवर बसलेले. आई गेली त्या दिवसापासून ते भावाच्या घरात पाऊल टाकत नाहीत, सरांच्या दहाव्यालाही बाहेरूनच परत गेले, असं काकू म्हणाल्या. भीमरावांनीच मला हाक मारली.

"त्या दिशी तू हुतीस त्याच्यासंगं?"

"हो."

"कुंभारीत इमानाचा आवाज आमच्या पत्र्यावरनं गेला. मी आईला म्हनलो, आला बघ तुजा नागू. तिनं डोळं उघडलं. मंग आवाज लांब लांब गेला... मरस्तवर दाराकडं बघत हुती. त्याला इचारलं, का वळलास? तर म्हनला, मलाच न्हाय उतरावं वाटलं. आईसाटी उतरावं वाटलं न्हाय त्याला."

सरांनी माझं नाव कधीच घेतलं नव्हतं, हे मला तिथं कळलं. घेतलं असतं तर सख्खा भाऊ तुटला नसता. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला त्यांचा. मी म्हटलं, "ते उतरतच होते. वर घ्या असं मी म्हटलं. दोघांतल्या एकानं म्हटलं की दुसऱ्याला ऐकावंच लागतं."

आता हा माणूस माझ्यावर ओरडणार, असं वाटलं. ते गुडघा चोळू लागले.

"खाली कायच दिसत न्हवतं?"

"काहीच नाही."

"मानसं?"

"विमान भरलेलं होतं."

"मी असतो तितं तर उतर म्हनलो असतो," ते म्हणाले. "उतर उतर म्हनून मारला असता की मी त्याला."

मग ते उठले, चपला काढल्या आणि माझ्या बाजूनं सरळ आत गेले. सरांच्या खोलीत कॉट तशीच आहे, चादरसुद्धा काकूंनी बदललेली नाही. भीमराव आजाऱ्यापाशी बसावं तसे तिच्या कडेला बसले आणि हळूहळू काहीतरी बोलू लागले. काकू आत जायला निघाल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि त्यांनी भीमरावांसाठी चहा टाकला.