डोंगरावरची मेढ

पृथ्वीवरच्या जागांचे दोनच प्रकार आहेत, एक मांडव घातलेल्या आणि दुसऱ्या मांडव घालायच्या राहून गेलेल्या, अशी पक्की खात्री असलेला माणूस जगात एकच असावा आणि तो वडवणीत माझ्या औषधाच्या दुकानासमोर राहतो. धंद्यानं तो मंडपवाला. पण धंदा संध्याकाळी बंद होतो, त्याचं मंडपवालेपण होत नाही. मोकळं मैदान पाहून लोकांना बरं वाटतं, याला ते उघडं पडल्यासारखं वाटतं. "हितं दोनशे पान आरामात उठतंय," असं पुटपुटत तो पावलं टाकून माप घ्यायला लागतो. एकदा आम्ही परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघालो होतो. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसताच यानं गाडी थांबवायला लावली, बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि हळहळून म्हणाला, "एवढाले खांब रोवले बे, आन् वर कापड न्हाई!" स्वतःच्या लग्नातही मांडवाचा एक कोपरा फडफडायला लागला, तसा हा बोहल्यावरून उठून थेट दोर आवळायला धावला. शेल्याची गाठ मारलेली असल्यामुळे नवरीलाही मागोमाग पळावं लागलं. "तवापासून ह्यांच्या मागंच पळतीय," असं वहिनी आजही चहा देताना ऐकवतात. लोकांच्या लग्नात तर तो कधी जेवायलाच बसत नाही. एका हातानं खांब धरून उभा असतो. कुणी आग्रह केला तर म्हणतो, "मांडव उभा हाय तवर आपुन उभं."

आमच्या बैठकीत एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. आहेत म्हणजे होते, कारण पत्नी गेल्यावर मुलानं त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. मास्तरांनी आम्हाला आधीच बजावलं, "हार नको, नारळ नको, भाषण नको. आणि मांडव तर मुळीच नको. केलात, तर न सांगता निघून जाईन." शेवटचं वाक्य मंडपवाल्याकडे बघून होतं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मास्तर गेल्यावर मला म्हणाला, "सगळ्या तालुक्याला मांडव घातले म्या. आन् माझ्याच माणसाला कावून न्हाई?" दोन-तीन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. मग एका सकाळी तो टवटवीत होऊन दुकानात आला. "आपुन डोंगरावर मुक्कामाला जाऊ. तरणी पोरं जात्यात तसं. मास्तरला हवा लागंल."

पुतण्याचा एक तंबू माझ्याकडे होता, झटकला की उघडणारा. तो पाहून मंडपवाल्यानं विचारलं, "ह्यात पाव्हणा झोपतो का लपतो?" आणि विषय संपवला. बालाघाटाच्या पायथ्याला आम्ही चौघं जमलो: मी, मास्तर, तो आणि तेलगावचा माझा साडू, ज्याच्या ऊस वाहायच्या ट्रॅक्टरमधून आम्ही आलो. "डोंगर चढायला काठी लागतीय," म्हणून यानं प्रत्येकाच्या हातात काठी दिली. ती काठी म्हणजे दोन पुरुष उंचीचा बांबू होता. "एवढी लांब?" साडूनं विचारलं. "दरी खोल असली तर?" मंडपवाला म्हणाला. पाठीवरच्या बोचक्यात पांघरुणं आहेत, असं तो शपथेवर सांगत होता. बाभळी-बोरींतून बांबू अडकवत, एकमेकांना ढोसत आम्ही वर पोचलो तेव्हा आम्ही मुक्कामाला आलोत की घर बांधायला, हेच कळेना.

वरच्या पठारावर त्यानं आधी एक खड्डा खणला, एक बांबू उभा केला, खिशातून आंब्याचा डहाळा काढून त्याला बांधला आणि हळदकुंकू वाहिलं. मुहूर्तमेढ! मास्तरांनी डोळे बारीक केले. "हा समारंभ नाही ना रे?" "छ्या! डोंगरावर कसला समारंभ? पाव्हणे कुठून आणू?" असं म्हणेपर्यंत उरलेले बांबू उभे राहिले होते आणि बोचक्यातल्या पांघरुणांना झालर निघाली होती. मास्तर रागवायच्या बेतात होते, पण तेवढ्यात वारं सुटलं.

बालाघाटाचं वारं मंडपवाल्याला विचारून वाहत नाही. कापड फुगलं, बांबू नाचायला लागले. "धरा!" तो ओरडला आणि चौघांनी चार खांबांना मिठ्या मारल्या. समोर चुलीवर पिठलं रटरटत होतं, भाकरी तयार होत्या, ठेचा वाट बघत होता आणि चार प्रौढ माणसं चार कोपऱ्यांत खांब धरून उपाशी उभी होती. मास्तरांना हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मग नुसतंच पाणी राहिलं. खांब तसाच घट्ट धरून ते म्हणाले, "मला जायचं नाही रे. इथं पाकिटावर नुसतं माझं नाव घातलं तरी पत्र पोचतं. तिथं मला कोण ओळखतं?"

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मंडपवाल्यानं उभ्या मांडवाचा खांब सोडला. सरळ मास्तरांकडे गेला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. इकडे त्याचा कोपरा उडाला आणि अख्खं कापड पिठल्यावर जाऊन बसलं. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मास्तर, जावा बिनघोर," तो म्हणाला. "पोरगं बोलावतंय, जायाला पायजे. पर गेलेलं माणूस परत येत न्हाई आसं कुटं हाय?" मग आम्ही उघड्यावर मांडी घालून, उरलंसुरलं पिठलं निपटून जेवलो. तोही बसला. त्याला बसून जेवताना मी तेव्हाच पाहिलं.

सकाळी आवराआवर झाली. पिवळं झालेलं कापड गुंडाळलं, बांबू बांधले. मेढ तेवढी उभी होती. "ही राहिली की," मास्तर म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. मांडवपरतणी व्हायचीय तुमची." आमच्याकडे सासरी गेलेली लेक मांडवपरतणीला माहेरी येऊन गेल्याशिवाय मेढ काढत नाहीत. डहाळ्याचं एक पान तोडून मास्तरांनी सदऱ्याच्या खिशात घातलं आणि उतरायला लागले.

आता ते पुण्याला आहेत. फोनवर आमच्या तब्येती विचारायच्या आधी विचारतात, "मेढ आहे का?" आणि मंडपवाला छाती काढून सांगतो, "हाय म्हंजे! खांबागत हाय!" खरं तर पहिला बांबू कुणा मेंढपाळानं नेला, दुसरा वाऱ्यानं पडला. नवा बांबू आणि ताजा डहाळा घेऊन तो पुन्हा पुन्हा वर जातो. परवा मीही गेलो होतो. निम्म्या वाटेत त्याला दम लागला, बांबूवर रेलून तो बराच वेळ उभा राहिला. मी म्हणालो, "अरे, ती मेढ कधीच गेली. मास्तरांना काय दिसतंय तिथून?" त्यानं बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बांबू बदलला म्हून काय झालं बे? खड्डा त्योच हाय." आणि तो पुढं चालायला लागला. मी बांबूचं मागचं टोक उचलून खांद्यावर घेतलं.