गोदामाच्या भिंतीलगतचा निशिगंध

चांदा जिल्ह्यातल्या मूल या गावात नूर मोहम्मद कातड्यांचा व्यापार करीत. खेड्यांतून आलेली कातडी मीठ लावून गोदामात रचली जात आणि पुढे रेल्वेने रवाना होत. गोदामाची आणि घराची भिंत एकच होती. त्यांची मुलगी कनीज याच घरात जन्मली आणि आई गेल्यावर घर तिनेच सांभाळलं.

तिला पाहायला आलेले पहिले पाहुणे सरबत न पिता उठले. निरोप आलाच नाही. दुसऱ्या स्थळाचंही तसंच झालं. घर ओकंबोकं दिसतं म्हणून असं होतं, अशी कनीजची समजूत झाली. तिने मागच्या अंगणात निशिगंध आणि देशी गुलाब लावले. खताला कातड्यांसोबत गोदामात येणाऱ्या हाडांचा चुरा होताच. झाडं जोमाने वाढली.

१९५५ साली, पावसाळा सरताना, गडचिरोलीहून तिसरं स्थळ आलं. मुलाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कनीज तिशीला टेकलेली. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, हे बापलेक दोघेही जाणून होते.

त्या सकाळी तिने सगळी बाग कापून घरात आणली. आईची पितळी फुलदाणी बैठकीत ठेवली. कोनाड्यांत शाईच्या दौती आणि खिडक्यांत औषधाच्या बाटल्या मांडल्या. निशिगंधाचे उंच दांडे मागे, गुलाब पुढे. एकही कोपरा तिने रिकामा सोडला नाही.

मुलाची आई उंबऱ्यातच थबकली. तिने ओढणी नाकाशी नेली, मग डोक्यावर नीट ओढून घेतली आणि हळूच विचारलं, "भाईसाब, मय्यत कब उठी?"

"किसकी मय्यत?" नूर मोहम्मद गोंधळले.

बाईने त्या फुलांकडे पाहिलं. सडल्या मांसाचा वास आणि त्यावर दाटलेली फुलं, असं घर तिने एकाच प्रसंगी पाहिलं होतं. सरबत याही वेळी तसंच राहिलं.

पाहुणे गेल्यावर कनीज कुंपणापाशी गेली. पलीकडची नीलाबाई तिची लहानपणापासूनची ओळखीची.

"बाई, आमच्या घरात वास येते का?"

"तुह्या घरात मी कधी आली का वं?"

कनीजला आठवेना.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगून का करतीस? घर उचलून नेतीस?"

वडिलांना तिने गोदाम हलवायला सांगितलं. "कातड्याले बाजारात जागा कोन देते, बेटी?" ते म्हणाले. त्यांनी आधीच विचारून पाहिलं असावं.

कनीज दारात उभी राहून श्वास घेई. तिला फक्त निशिगंधाचाच वास येई. मग काही दिवस ती चांद्याला मावशीकडे राहून आली. परतताना, गल्लीच्या तोंडाशीच, तिला तो सडका वास आला. तोंडाला ओढणी लावून ती दाराशी बराच वेळ उभी राहिली. मग आत गेली, चूल पेटवली, भात टाकला. संध्याकाळपर्यंत वास येईनासा झाला.

दुसऱ्या दिवशी तिने बाटल्यांतलं शिळं पाणी ओतलं, ताजं भरलं, आणि फुलं तोडायला मागच्या अंगणात गेली.