धसईच्या गिरणीवरची वनिता

रविवारी वनिता माझ्याकडे जेवून गेली आणि मंगळवारी सकाळी फोन आला, वनिता गेली. "कुठं गेली?" मी विचारलं. खरंच विचारलं. पलीकडे तिचा दीर होता. तो म्हणाला, "बाई, वारली ती. छातीत दुखतंय म्हणाली... मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत पण नाय पोचलो." महिना होत आला, तरी मला अजून ते पटत नाही. जाण्याचं तिचं वय नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धसईच्या शाळेत बदलून आले, तेव्हापासूनची आमची ओळख. वनिता आणि तिचा नवरा काशिनाथ बाजाराजवळ पिठाची गिरणी चालवत. गिरणीचा भिंतीवरचा मेन स्विच भयंकर कडक होता, दांडा ओढताना काशिनाथचा खांदा भरून यायचा. एका सकाळी वीज गेलेली असताना वनितानं स्विच उघडला आणि मोटारीच्या बेअरिंगचं ग्रीस आतल्या पात्यांना भरपूर चोपडलं. दांडा अलगद फिरायला लागला, दोघंही खूश. पुढे उन्हाळ्यात ते ग्रीस पातळ होऊन पसरलं, त्यात पीठ बसलं, पाती आतल्या आत तापून काळी पडली. आणि एक दिवस गिरणी बंद करायला काशिनाथनं दांडा ओढला, तर स्विचमधून जाळच बाहेर आला. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. मी धावत गेले तेव्हा त्याला जीपमध्ये बसवत होते. वनिता भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. एकच बोलत होती, "मीच लावलं ओ बाई... मीच."

हात बरा झाला, पण दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. सासूनं तिला नको ते ऐकवलं. काशिनाथ मात्र आईला एवढंच म्हणाला, "माझ्या खांद्यासाठीच लावलं ना तिनं?"

वनिताला तेवढ्यानं चैन पडेना. मुरबाडला मोटारींचं वाइंडिंग करणारे एक मिस्त्री होते, त्यांना तिनं सरळ विचारलं, माझं चुकलं कुठं? ते म्हणाले, जिथं नुसतं फिरतं तिथं हे ग्रीस बरोबर. पण जिथं एका पात्यातून दुसऱ्यात वीज जाते, तिथं त्याचा जळून कोळसा होतो. तिथलं ग्रीस वेगळं मिळतं, तेही अगदी पातळ लावायचं, आणि पाती जळकी किंवा सैल असतील तर वंगणाच्या नादी न लागता बदलायची. ती तशी ट्यूब कल्याणहून घेऊन आली. मी समोर बसले असताना तिनं पत्र्याच्या तुकड्यावर दोन्ही ग्रीसांचे ठिपके लावले आणि पत्रा चुलीवर धरला. एक ओघळलं, धुरावलं. दुसरं जागचं हललं नाही. ती बराच वेळ बघत राहिली. "एवढंच कळायचं होतं ओ बाई," म्हणाली आणि तेव्हा कुठं रडली.

त्यानंतर लोक तिलाच विचारायला लागले. माझ्या टेबलफॅनला मी खोबरेल घातलं होतं, ते थंडीत गोठून पंखा अडकला, तर केवढी हसली! "तुमी डोक्याचं तेल पंख्याला घातलंत?" पण स्विचच्या बाबतीत ती कधी हसली नाही. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत पाण्याच्या पंपाचा स्विच कडक झाला, तेव्हा आम्ही तिघं तिथं लग्नाला गेलो होतो. एक जण गाडीच्या चाकाचं वंगण घेऊन आला. वनितानं त्याचा हात धरला. "आधी फ्यूज काढा, मग बोला माझ्याशी." तो म्हणाला, "एवढ्याशानं काय होतंय?" काशिनाथनं आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला. वंगणाचा डबा परत गेला.

गेल्या आठवड्यात मी गिरणीवर गेले. काशिनाथ उंबऱ्यावर बसला होता. ती गेल्यापासून गिरणी बंदच होती. तेवढ्यात वाडीवरची एक म्हातारी नाचणी घेऊन आली. तिला काही कळलेलं नव्हतं. लांबून चालत आलेली... तिला परत पाठवणं काशिनाथला जमलं नाही. तो उठला, गिरणी सुरू केली. नाचणीचं पीठ पडायला लागलं. म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "वनिता नाय आज?"

"गेली ती," काशिनाथ म्हणाला. गिरणीच्या आवाजात म्हातारीला नीट ऐकू गेलं नाही. तिनं हसून मान हलवली.

"बरं, आली की सांग, मी येऊन गेली म्हणून."

काशिनाथनंही मान हलवली आणि पिठाची पिशवी सरळ धरली.