आत्याच्या जागेवर माझी गाडी

मला गाडी चालवता येते. लावता येत नाही.

डांगे चौकातल्या क्लासच्या सरांनी मला क्लच शिकवला, गिअर शिकवले, मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत असताना चेहरा शांत कसा ठेवायचा तेही शिकवलं. रिव्हर्सचा धडा ज्या आठवड्यात होता, त्याच आठवड्यात माझ्या कंपनीत ऑडिट आलं. धडा राहिला तो राहिलाच. (लायसन्सच्या परीक्षेला मैदान एवढं मोठं होतं की मागे जायची वेळच आली नाही!) तेव्हापासून मी फक्त पुढे जाणारी बाई आहे. आठवडाभर चाकणला कंपनीच्या बसने जाते. तिथे मी एचआरला आहे आणि 'सर्वांनी आपली वाहने शिस्तीत लावावीत' अशी सूचना दर सोमवारी माझ्याच सहीने निघते. गाडी बाहेर निघते ती रविवारी, आणि दर रविवारी मला एकच प्रश्न पडतो, की ही आता ठेवायची कुठे?

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या आत्यामुळे सापडलं. त्यात तिची काही चूक नव्हती.

सुलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला कंबरेपासून कॅलिपर, हातात कुबडी आणि जिभेला मात्र कसलाच आधार लागत नाही. भोसरीच्या एका कारखान्यात तिने एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली. बोल्ट हातात घ्यायचा, गेजमध्ये घालायचा, बसला तर पास, नाही तर लाल ट्रेमध्ये. घरच्या माणसांकडेही ती याच नजरेने बघते. कामावर जायची ती स्वतःच्या स्कूटरवर, मागे दोन जादा चाकं बसवलेल्या.

त्या स्कूटरवर लावायला खुर्चीच्या चिन्हाचा स्टिकर तिने मला करून आणायला सांगितला. रेडियमवाला म्हणाला, "ताई, शीटमध्ये दोन बसतात. दुसरा फुकट घेऊन जा." एक मी आत्याच्या स्कूटरवर लावला. दुसरा आमच्या गाडीच्या काचेवर कसा गेला ते मला आता नीट आठवत नाही. (आठवतं. मी लावला.)

त्या स्टिकरला ना कुणाची सही ना शिक्का, पण काय सांगू त्याची किमया! मॉल म्हणू नका, दवाखाना म्हणू नका, दाराशेजारची ती निळी चौकट माझ्यासाठी मोकळी. वॉचमन साखळी काढून सलाम करायचे. आणि जागा केवढी रुंद! आमच्यासारख्या दोन गाड्या मावतील एवढी. नाक घालायचं, आतल्या आत गोल फिरवायचं, पुन्हा नाक बाहेर काढायचं. रिव्हर्सचा संबंधच नाही! ती जागा एवढी रुंद का ठेवतात, हा विचार माझ्या मनात आला नाही. मला पुरत होती, एवढंच मला दिसलं.

एकदा मॉलमध्ये वॉचमन चाकांची खुर्ची घेऊनच धावत आला. "पेशंट कोण आहे?"

मी मागे बघितलं. मागे माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मूळच्या बीडच्या. लिफ्टवर विश्वास नाही म्हणून आमच्या थेरगावच्या बिल्डिंगचे चार मजले दिवसातून दोनदा जिन्याने चढतात.

"ह्या," मी म्हणाले.

"मला काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, बसा ना दोन मिनिटं!"

बसल्या. त्या पोराने त्यांना तिन्ही मजले फिरवलं, गर्दीतून वाट काढत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत. आयुष्यात त्यांच्यासाठी कुणी बाजूला झालं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी आंघोळ करून, केस विंचरून त्या तयार होऊन बसल्या. "आज बी त्या खुर्चीवाल्या दुकानात जायचं का गं?"

असे सहा-सात महिने मजेत गेले. मग आत्या रिटायर झाली.

युनियनने तिचा सत्कार ठेवला. चिंचवडचा हॉल, रविवारी सकाळी अकरा. आदल्या दिवशी आत्याचा फोन. "हे बघ प्रज्ञा, युनियनवाले गाडी पाठवतो म्हणतात. मी नाही म्हणून सांगितलंय. मी माझ्या स्कूटरवर येणार आणि गेटपासून स्टेजपर्यंत माझी मी जाणार. माझा हात कुणी धरायचा नाही. तू तर नाहीच नाही. पहिल्यापासून हेच एक मनात आहे माझ्या."

"हो आत्या," मी म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

रविवारी नवरा फर्स्ट शिफ्टला, म्हणून मी आणि सासूबाई दोघीच निघालो. हॉलवर पोचलो तर पार्किंग खच्चून भरलेलं. मोकळी एकच जागा, रॅम्पला लागून, निळी चौकट. आत्या आठवली नाही असं नाही. पण आत्याची स्कूटर. स्कूटर म्हणजे टू-व्हीलर. टू-व्हीलरचं पार्किंग वेगळं. इतका सरळ हिशोब! त्या स्कूटरला चाकं चार आहेत आणि टू-व्हीलरच्या रांगेत ती शिरत नाही, हे इतकी वर्षं बघूनही माझ्या डोक्यात आलं नाही. शिवाय या चौकटीला एका बाजूला कठडा आणि खांब होता, त्यामुळे ती इतर ठिकाणांपेक्षा जरा अरुंद होती. मी नाक घातलं, ते फिरेना. राहू दे, निघताना बघू, असं म्हणून चावी काढली.

वॉचमनकाका खुर्ची घेऊन हजर. विचारायच्या आधीच सासूबाईंनी पाठीला बाक काढला आणि "आई गं" म्हणून बसल्या. (एवढं मी शिकवलं नव्हतं!) काकांनी त्यांना ढकलत थेट पहिल्या रांगेत नेलं. युनियनचे गायकवाडदादा सूत्रसंचालन करत होते. त्यांनी सासूबाईंच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि माइकवर म्हणाले, "आपल्यातल्या एक ज्येष्ठ दिव्यांग माता एवढा त्रास सोसून सुलोचनाताईंसाठी आल्या आहेत. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. सासूबाईंनी हात जोडून त्या घेतल्या. मी सातव्या रांगेत खुर्चीखाली जाता येतंय का ते बघत होते.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. सत्कारमूर्तींचा पत्ता नाही. आणि माझा फोन वाजला.

"प्रज्ञा, कुठे आहेस?"

"वर हॉलमध्ये, आत्या. तू?"

"खाली. उन्हात. दोन चकरा मारल्या, कुठे शिरायला जागा नाही. एक विचारायचं होतं. तुझ्या गाडीतून आज अपंग कोण आलंय?"

"ते… आत्या… सासूबाई…"

"काय झालं त्यांना?"

"गुडघा जरा…"

"परवा लिफ्ट सोडून तीन मजले चढून मला लोणच्याची बरणी देऊन गेल्या. तेव्हा गुडघा कुठे ठेवला होता?"

मी फोन ठेवला आणि भिंतीच्या कडेकडेने दाराकडे सटकले. कुणाला न कळता खाली जायचं, गाडी काढायची, प्रकरण मिटवायचं. एवढ्यात खालून गेटवरचा निरोप गायकवाडदादांपर्यंत पोचला.

"एक नम्र सूचना! खाली दिव्यांगांच्या जागेत पांढरी गाडी आहे. ती ज्या दिव्यांग भगिनींची असेल त्यांना विनंती, जमत असेल तरच—"

"अगं प्रज्ञे, आपली हाय ती!" पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या. "थांब, एकटी जाऊ नको! तुला मागं कुठं घेता येतंय? मी सांगते मागचं!"

आणि उठल्या! फूल खुर्चीत टाकलं, पदर खोचला आणि मधल्या वाटेने ताडताड चालत माझ्यापर्यंत आल्या. दोनशे माणसं माना वळवून बघत होती. गायकवाडदादांच्या हातातला माइक तसाच तोंडासमोर राहिला. रिकाम्या खुर्चीमागे उभे असलेले काका एकदा खुर्चीकडे बघत होते, एकदा सासूबाईंच्या पायांकडे.

माझी दोन गुपितं होती, ती त्यांनी एका दमात फोडली. आणि रिव्हर्सचं घरात कुणाला माहीत नाही अशा समजुतीत मी चार वर्षं काढली होती!

खाली आत्या स्कूटरवर बसलेली. नवी निळी साडी, गजरा, कपाळावर घाम. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, हातात बोल्ट घेतल्यावर बघते तशी.

मी गाडीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत रिव्हर्स टाकला. निम्मा हॉल खाली उतरला होता. प्रत्येक जण हात हलवत होता आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला.

"येऊ द्या, येऊ द्या!"

"ओ ताई, राइट मारा, राइट!"

"राइट न्हाई राव, लेफ्ट! खांब हाय तिकडं!"

"बास! बास! बासऽऽ!" हे सासूबाई.

मी बास केलं. गाडी अर्धी चौकटीत, अर्धी बाहेर, तिरकी. उजवीकडे खांब, डावीकडे केटररचा टेम्पो, आणि टेम्पोचा ड्रायव्हर वर जिलेबी तळायला मदत करत होता! पुढे घेतली तर खांब करकरला, मागे घेतली तर टेम्पो. घाबरून दार उघडायला गेले, तर दार चार बोटं उघडून खांबाला अडकलं. पलीकडचं टेम्पोला. मी आतच! समोर आत्याची ती चौकट मला काचेतून दिसत होती. माणसाला आपलं दार पुरतं उघडायला किती जागा लागते, ते मला तेव्हा कळलं. मला फार लाज वाटली. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच वाटली.

"आता काय करायचं?" गायकवाडदादा म्हणाले. "पाहुणे वर ताटकळलेत."

"फोर्ज शॉपची पोरं आहेत ना?" आत्या पहिल्यांदा बोलली. "उचला."

"ताई आत आहेत!"

"तिच्यासकट."

आठ जण आले. चौघं पुढे, चौघं मागे. एकाने काचेवर टकटक केलं, "ताई, घाबरू नका, दीडशे किलोचा जॉब उचलतो आम्ही रोज." (माझ्या वजनाचा विषय कुणी काढला नव्हता!) मागून हाक आली, "हां, उचला!" आणि मी हवेत. वीतभर उचलायची, हातभर सरकवायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. दर वेळी लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. अशा थाटात माझी मिरवणूक पार्किंगच्या टोकापर्यंत गेली आणि खरकट्या भांड्यांच्या ढिगाशेजारी, नाक भिंतीकडे करून मला ठेवण्यात आलं.

मी बाहेर येऊन बघते तर आत्याने स्कूटर चौकटीत घातली होती. पाय हाताने उचलून खाली ठेवला, कॅलिपर खट् करून लावलं, कुबडी घेतली. माझ्याजवळ आली तेव्हा एवढंच म्हणाली, "स्टिकर काढ."

मग ती रॅम्प चढली. हळूहळू, मध्ये एकदा थांबून. आजूबाजूला पन्नास माणसं, पण कुणी हात पुढे केला नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही. मी नखांनी स्टिकर खरवडत होते आणि रडत होते. या वेळी पाणी आणावं लागलं नाही.

भाषणाला उठल्यावर आत्या म्हणाली, "मी कामावर पहिल्या दिवशी आले, तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला तीन पायऱ्या होत्या. दोघांनी मला खुर्चीसकट उचलून आत नेलं. अख्खी शिफ्ट बघायला उभी. त्या दिवशी ठरवलं, परत कुणाला उचलू द्यायचं नाही. एकतीस वर्षं पाळलं." मग तिने सातव्या रांगेकडे बघितलं. "माझं उचलून घ्यायचं जे राहिलं होतं, ते आज माझ्या भाचीने पूर्ण केलं. माझ्या वेळी दोघं लागले होते. हिला आठ लागले."

हॉल दोन मिनिटं हसत होता. सासूबाई डोळे पुसून पुसून हसत होत्या, या वेळी साध्या खुर्चीवर. मीही हसले. हसण्यावाचून दुसरं काय करणार?

जेवणं झाल्यावर मी आत्यापुढे उभी राहिले. "आत्या, चुकलं माझं."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लाल ट्रेमधला सगळा माल काही भंगारात जात नाही. थोडा दुरुस्त होतो. येत्या रविवारी सकाळी सातला मैदानावर ये, गाडी घेऊन. मागे उभी राहून सांगते." माझ्या पानात स्वतःची जिलेबी टाकली, जय भीम म्हणाली आणि स्कूटरवरून भर्रकन निघून गेली.

पार्किंग रिकामं झालं. टेम्पो गेला, पाहुणे गेले. उरली फक्त माझी गाडी, भिंतीला नाक लावून. मागे सगळं मैदान मोकळं होतं. कुणालाही जमलं असतं.

गायकवाडदादांनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि फार अदबीने विचारलं, "ताई, पोरांना हाक मारू का?"

मी मान डोलावली, आत बसले, दार लावलं आणि सीटबेल्ट ओढला.