तक्त्याची प्रत, तक्त्याचा पत्ता

आमच्या पाहणीचा तक्ता एवढा अवाढव्य, की तो उघडताना अख्ख्या इमारतीतले पंखे मंदावतात. निदान मी सगळ्यांना तसंच सांगतो. काल तो सरासरी काढणाऱ्या फंक्शनकडे, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याकडे, पाठवला आणि संगणक धापा टाकत बंद पडला.

शेजारच्या टेबलावरच्या सुलभाताई हसल्या. "अहो, दर वेळी अख्ख्या तक्त्याची प्रत कशाला पाठवता? तो कुठे ठेवलाय, तेवढा पत्ता द्या. फंक्शन तिथे जाऊन बघेल."

"आणि तिथे जाऊन त्यानं काही बदललं तर?"

"तर मूळच बदलेल. तेवढी जोखीम आहेच."

पत्ता दिला आणि काम चुटकीसरशी झालं. मी मात्र पडद्याकडे बघत बसलो. माणसांना मी आयुष्यभर माझ्या प्रतीच वाटत आलो. ऑफिसला हसवणारी एक, बहिणीला फोनवर 'मजेत आहे' म्हणणारी दुसरी. लोकांनी त्या प्रतींवर माया केली असेलही, पण मूळ माणसापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. तो घरी एकटाच जेवतो.

"रविवारी काय करता हो तुम्ही?" सुलभाताईंनी सहज विचारलं.

माझ्याकडे पन्नास माणसांची पंगत असते, असं ठोकून देणारच होतो.

"काही नाही," मी म्हणालो. "एकटाच असतो."

त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.