अंड्याची टरफलं आणि उपदेशी नानासाहेब

सोयगावकडच्या नानासाहेबांनी आयुष्यात अंडं खाल्लं नव्हतं, फोडलं नव्हतं, आणि कुणी समोर फोडायला लागलं तर ते मान वळवून आभाळाचा अंदाज घ्यायचे. घर महानुभाव पंथाचं, नवराबायको दोघंही उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेले आणि मांस-अंडं वर्ज्य केलेले. असा हा माणूस पुढं शहरात जाऊन अंड्याची टरफलं गोळा करून जगला, आणि चांगला जगला, त्याची ही हकीकत.

साल दुष्काळाचं, दोन हजार तेराचं. नानासाहेबांची मोसंबीची बाग उभी वाळली. झाडं तोडली तेव्हा सरपण एवढं निघालं, की बागेनं कधी नाही ते भरघोस पीक दिलं असं त्यांना वाटलं. मग बायको वच्छलाबाईला घेऊन ते औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, मुकुंदवाडीला खोली करून राहिले. शहर वाढत होतं. कालच्या ज्वारीच्या रानात आज गाळे निघत होते. पाणी तेवढं वाढायचं राहिलं होतं. नळ आठवड्यातून एकदा खोकायचा आणि गप बसायचा. हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती आणि चेंडू पाण्यात जायची कुणाला भीती नव्हती.

ओळखीनं नानासाहेबांना काम लागलं ते हाडांच्या संशोधनाच्या प्रयोगशाळेत. तिथल्या योगिनी मॅडम पेशींच्या जाणकार. त्यांनी काम समजावून सांगितलं. एखाद्याच्या हाडाचा अपघातात चुरा झाला, की मधे खड्डा राहतो. तो भरायला डॉक्टर त्याच माणसाच्या कमरेचं हाड कोरून घेतात, म्हणजे एक दुखणं बरं करायला दुसरं करायचं. त्यापेक्षा अंड्याचं टरफल भट्टीत भाजून त्याचा चुना करायचा, त्यात आम्ल थेंबथेंब सोडायचं, की हाडात असतं तसलंच पांढरं द्रव्य खाली बसतं. त्याच्या जाळीदार वड्या पाडायच्या आणि वड्यांवर हाडाच्या पेशी वाढतात का ते बघायचं.

“तर नाना, तुम्ही रोज टरफलं आणायची. चालेल ना?”

नानासाहेबांना सोयगावची विहीर आठवली. तिच्या तळाला आता कुत्री सावलीला बसायची.

“चालंल,” ते म्हणाले.

वच्छलाबाईला त्यांनी सांगितलं, “हाडाच्या दवाखान्यात हाय. चुनखडी पोचवायची.” चुना भट्टीत गेल्यावर होणारच होता, नानासाहेबांनी तो जरा आधी केला, एवढंच.

स्टेशनच्या बाहेर कडूबाचा बुर्जीचा गाडा होता. कडूबाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दुष्काळात ती विकून तो तव्यावर आला होता. संध्याकाळी नानासाहेब पिशवी घेऊन आले, की तो लांबूनच हाळी द्यायचा.

“या उपदेशी नाना! लोक आतलं खात्यात अन् वरचं टाकत्यात. तुम्ही वरचं नेता अन् आतल्याकडं बघत बी नाय. असलं गिऱ्हाईक मेंढरांतबी नव्हतं मला.”

“हळू बोल की लेका. समोर आमच्या गल्लीची बाई हाय.”

“तिला काय सांगू? नाना चुनखडी घ्यायला आलेत?”

“व्हय, तसंच सांग.”

पहिले काही महिने बरे गेले. नानासाहेब सकाळी टरफलं प्रयोगशाळेत नेऊन नळाखाली धुवायचे, पेशी वड्यांवर नांदायच्या, आणि हाडांचे मोठे डॉक्टर येऊन “छान, छान” म्हणून जायचे. मग प्रयोगशाळेचा नळही खोकायला लागला. मॅडम म्हणाल्या, “नाना, घरूनच जरा धुऊन आणता का?”

आता घरी तरी पाणी कुठं होतं? पण त्याहून मोठी पंचाईत दुसरी होती. उपदेश्याच्या घरात टरफलं रात्रभर राहणार, तर ती निदान शुद्ध करून ठेवावीत, हे नानासाहेबांच्या मनानं घेतलं. लहानपणी त्यांच्या आईनं सांगून ठेवलं होतं, की कसलीही वस्तू पितळेत घालून चिंचेचा कोळ लावला, की तिचा विटाळ उरत नाही. म्हणून वच्छलाबाई संध्याकाळी आश्रमात प्रवचनाला गेली, की ते तिचं माहेरचं पितळी घंगाळ काढायचे, टरफलं त्यात ओतायचे आणि चिंचेचं आंबट पाणी घालून भिजत ठेवायचे. टरफलातून बारीक बुडबुडे यायचे. विटाळ निघतोय, असं नानासाहेब समाधानानं बघत बसायचे. ती यायच्या आत टरफलं पिशवीत भरून खाटेखाली, आणि घंगाळ जागेवर.

वच्छलाबाईला एवढंच कळलं, की घंगाळ आरशासारखं लखलखायला लागलंय.

“तुम्ही घासता का हे?”

“रिकामा येळ असतो.”

तिनं गल्लीत सांगितलं, की शहरात आल्यापासून आमचे हे भांडी घासत्यात. गल्लीतल्या चार बायका आपापल्या नवऱ्यांवर दोन दिवस रुसल्या.

तिकडं प्रयोगशाळेत पेशी मरायला लागल्या. एक खेप गेली, दुसरी गेली. योगिनी मॅडम म्हणाल्या, भट्टीत काहीतरी बिघडलंय. भट्टी बघणारे रसायनवाले ऋतुराज सर म्हणाले, भट्टी ठणठणीत आहे, तुमच्या पेशींचं खाणं खराब असेल. हाडांचे मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्ही दोघं आधी ठरवा आणि मग मला बोलवा. नानासाहेब कोपऱ्यात पुसायला फडकं घेऊन उभे असायचे आणि तिघांचंही पटल्यासारखी मान हलवायचे.

या कामाला पैसा दिल्लीहून यायचा, आणि तिथून तपासणीला माणसं येणार होती. तिसरीही खेप मेली, तर काम बंद, आणि काम बंद म्हणजे नानासाहेबही बंद. गावाकडं परत जावं, तर तिथं प्यायला टँकर होता आणि टँकरसमोर भांडणं.

मग ऋतुराज सरांनी ती पूड यंत्रात घातली, आणि यंत्र म्हणालं, यात तांबं आहे. थोडंच, पण पेशींना ते विषासारखं.

“तांबं आलं कुठून?” मॅडमनी नळ तपासले, चमचे तपासले, भट्टीचं दार तपासलं. “नाना, तुमच्या घरी तांब्याची भांडी आहेत?”

“एकबी नाय,” नानासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं. “आमच्याकडं सगळं पितळ.”

मॅडम तोवर पुन्हा भट्टीकडं गेल्या होत्या, ते शेवटचं त्यांना ऐकू गेलं नाही. पण घरचं पाणी एकदा बघून घ्यावं म्हणून त्या दुसऱ्या दिवशी नानासाहेबांबरोबर मुकुंदवाडीला आल्या. वच्छलाबाईनं मोठ्या मॅडम घरी आल्या म्हणून चहा टाकला. मॅडमनी माठातलं पाणी बाटलीत घेतलं आणि सहज विचारलं, “नाना, धुता कशात?”

वच्छलाबाई कपबशी घेऊन दारात उभी होती. कोपऱ्यात प्लास्टिकची निळी बादली होती. तिच्याकडं नुसतं बोट केलं असतं, तर घर शाबूत राहिलं असतं. आणि तिसरी खेपही मेली असती. नानासाहेबांनी बादलीकडं पाहिलं, मग फळीवर पाहिलं.

“त्या घंगाळात,” ते म्हणाले. “चिंच लावून.”

योगिनी मॅडम ताडकन उठल्या. “नाना! पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच असतं! आंबटानं ते सुटतं, टरफलांवर बसतं...”

“कसली टरफलं?” वच्छलाबाई म्हणाली.

नानासाहेबांनी मॅडमकडं पाहिलं. शेवटी मॅडमनाच सांगावं लागलं. त्यांनी अंड्यापासून हाडापर्यंत सगळं सांगितलं. वच्छलाबाईनं कपबशी खाली ठेवली.

“म्हंजी हे कुणी खायाचं नाय?”

“नाही. माणसाच्या हाडात भरायचं. अजून दूर आहे ते.”

“ज्याच्या हाडात भरणार, त्याला आधी सांगता का, कशाचं हाय?”

“सांगायलाच लागतं. त्याची सही घेतल्याशिवाय हात लावता येत नाही.”

“यांनी मला नाय सांगितलं,” वच्छलाबाई म्हणाली.

नानासाहेबांनी तिनं खाली ठेवलेली कपबशी उचलून चहाचा घोट घेतला. त्याची चव त्यांना लागली नाही.

आरडाओरडा झाला नाही, आणि तेच जड गेलं. तिनं घंगाळ फळीवरून उतरवलं आणि मॅडमच्या हातात दिलं. “घेऊन जा पोरी. माझ्या चुलीपाशी आता हे नको.” मग नवऱ्याकडं वळली. “अंड्याचं एक येळ सोडा. तुमची लबाडी रोज माझ्या घंगाळात भिजत होती. आता केलंच हाय, तर त्याचा कुणाला उपेग तरी होऊ द्या. तवर तुमचं ताट भाईर.”

त्या दिवसापासून नानासाहेब ओट्यावर जेवायला लागले. जाणारा-येणारा विचारायचा, “काय नाना, आज भाईर?” ते म्हणायचे, “आत उकडतंय.” पुढं थंडी पडली, तरी त्यांनी कारण बदललं नाही.

टरफलं आता रात्री कडूबाच्या गाड्याखाली राहायची. “ठेवा की,” कडूबा म्हणाला, “मेंढरं राखली, टरफलं राखायला काय जातंय? ही पळत बी नायत.” प्रयोगशाळेत ती काचेच्या भांड्यात, मॅडमच्या देखत धुवायची ठरली. तिसरी खेप भट्टीत गेली, आम्लात गेली, वड्या झाल्या, वड्यांवर पेशी सोडल्या. नानासाहेब रोज फडकं घेऊन त्या कपाटाच्या आसपासच पुसत राहायचे. तेवढी फरशी बाकीच्या फरशीपेक्षा गोरी झाली.

दिल्लीची माणसं यायच्या आदल्या दिवशी मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. आत बारीक ठिपके एकमेकांना हात पसरून चिकटलेले. नानासाहेब बराच वेळ बघत राहिले.

“गर्दी लई हाय,” ते म्हणाले.

“तेच हवंय, नाना.”

संध्याकाळी ते घरी आले आणि रोजच्यासारखे ओट्यावर बसले. वच्छलाबाई आत भाकरी थापत होती. ती तशीच, मागं न बघता म्हणाली, “काय झालं? जगल्या का?”

“जगल्या.”

“समद्या?”

“थोड्या गेल्या म्हणत्यात.”

“तेवढं चालायचंच,” ती म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली, ताट घेतलं आणि चुलीपुढं मांडलं. “दार लोटून घ्या. भाकरी गार होती.”